रेडिओवर दात ऐकू येतात

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी तानसाचा. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात जे धरण आहे, त्या धरणाजवळच्या तानसाचा. हे वाक्य आत्ता मी सहज बोलून गेलो, पण मध्यंतरी जवळजवळ दोन वर्षं मला ते धड बोलता येत नव्हतं. 'तानसा' या शब्दात अक्षरं तीन. ता, न आणि सा. तिन्ही दंत्य. जीभ वरच्या पुढच्या दातांपाशी गेली तरच ती नीट उमटतात. माझे नेमके तेच दात गेले आणि माझ्या गावाचं नाव माझ्याच तोंडातून निसटायला लागलं. 'सा' म्हणायला गेलो की शिट्टी वाजायची आणि 'ता' म्हणताना नुसती हवा यायची.

एकदा मुंबईच्या एका कार्यालयातून फोन आला. 'कुठून बोलताय?' मी गावाचं नाव सांगितलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, 'कुठून?' तीनदा सांगितलं, तीनदा त्यांनी विचारलं. शेवटी 'शहापूर' म्हणून मी मोकळा झालो. 'शहापूर'मध्ये एकही दंत्य अक्षर नाही. 'मुरबाड'मध्येही नाही. तेव्हापासून कुणी विचारलं की मी शहापूरचा किंवा मुरबाडकडचा म्हणून सांगू लागलो. माणूस लाजेपायी गावसुद्धा बदलतो.

आकाशवाणीच्या मंडळींनी मला कवितेवर बोला म्हणून बोलावलं होतं. मी म्हटलं, मी दातांवर बोलतो. त्यांना आधी थट्टा वाटली. पण रेडिओ हीच या विषयाची खरी जागा आहे, असं मला वाटतं. फोटोत ओठ मिटून बसता येतं. रेडिओवर तशी सोय नाही. इथे दात दिसत नाहीत, ऐकू येतात.

माझे दात गेले ते माझ्याच करणीने, हे आधी सांगून टाकतो. आमच्याकडे सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, ती कुटायची आणि मिश्री करून दातांना लावायची ही पद्धत घरोघर होती. आजी लावायची, शेजारच्या बायका लावायच्या. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजीच्या डबीतली चिमूट माझ्या बोटावर आली. पुढे कॉलेजात मिश्री गेली आणि तंबाखू-चुना आला. हे काही आमच्याच घरचं नाही. २०१६-१७ साली देशभर झालेल्या तंबाखूच्या पाहणीत महाराष्ट्रातले साधारण चार प्रौढांमागे एक जण तंबाखू वापरतो असं दिसलं, आणि त्यातले बहुतेक ओढणारे नव्हते, चघळणारे आणि लावणारे होते. मिश्रीने दात घट्ट होतात असं आजी म्हणायची. प्रत्यक्षात हिरड्या आतून सैल होत होत्या. त्यातच मधुमेह शिरला, तो मला ठाऊकही नव्हता. चाळिशी उलटल्यावर वरचे पुढचे दोन दात हलायला लागले आणि एका पावसाळ्यात दोन्ही गेले.

यापुढची चूकही माझीच. आठवड्याच्या बाजारात एक जण टेबल मांडून बसायचा. टेबलावर प्लास्टरचे जबडे, मागे रंगीत फलक, 'एका तासात पक्के दात'. मी बसलो. त्याने गुलाबी लगदा कालवला, त्यात दोन दात रोवले, शेजारच्या चांगल्या दातांना बारीक तार गुंडाळली आणि सगळं जागच्या जागी घट्ट केलं. पंधराशे रुपये घेतले. आरशात पाहिलं तर मी दहा वर्षांनी तरुण दिसत होतो.

त्यानंतर सहा महिन्यांनी एका कविसंमेलनात मी तिसरी कविता वाचायला घेतली. दुसऱ्या कडव्यावर तोंडात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि तो सगळा ऐवज माझ्याच वहीवर पडला. पुढच्या रांगेतली मुलं हसली. त्यांचा दोष नाही, मीही त्या वयात हसलो असतो. अध्यक्षस्थानी बसलेल्या ज्येष्ठ कवींनी आपला रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि माईक स्वतःकडे ओढून घेतला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दिवसापासून मी जाहीर वाचन बंद केलं. त्या तारेने आणि लगद्याने शेजारचा चांगला दातही सडवला होता. तोही काढावा लागला. दोनाचे तीन झाले.

मग कुठे कार्यक्रम असला की एक मित्र माझी कविता वाचायचा. छान वाचायचा. पण ती त्याची व्हायची. घरी एकट्याने वाचून पाहायचो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या मराठीत 'च' दोन प्रकारचे आहेत. 'चंद्र' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'चांदणं' म्हणताना ती दातांच्या मागे येते. माझ्या तोंडातून चंद्राचा 'च' अजूनही नीट यायचा, चांदण्याचा मात्र फिसकटायचा. बी.ए.ला भाषाशास्त्राचा एक पेपर होता, त्यात हे पाठ केलं होतं. कळलं ते दात गेल्यावर.

आणि मला अम्मा आठवली.

अम्माचे सगळे दात साठीच्या आत गेले होते. माझे वडील मुंबई महापालिकेच्या पाणी खात्यात धरणावर कामाला होते, आम्ही तिथल्याच चाळीत वाढलो. पहाटे अम्मा आणि शेजारच्या ठाकर मावशी एका जात्यावर बसायच्या. मावशी ओवी धरायच्या, अम्मा उचलायची. कुणाची ओवी कोणती हे आम्हा पोरांना कधी कळलं नाही. दात गेल्यावर अम्माने ओवी म्हणणं सोडलं. आम्हाला वाटलं गिरणी आली म्हणून सोडलं. हसताना ती ओढणीचा पदर तोंडावर घ्यायची. आम्हाला वाटलं अदब आहे. भाकरी ती चहात बुडवून खायची. आम्हाला वाटलं तिला तशीच आवडते. मुलांना किती सोयीच्या गोष्टी वाटत असतात!

एकदा तिला कवळी करून आणली. वरची ठीक बसली. खालची मात्र बोलताना उचलली जायची, घास घेतला की सरकायची, हिरडीला घासून जखमा व्हायच्या. महिनाभराने ती कवळी स्टीलच्या वाटीत पाण्यात गेली आणि तिथेच राहिली. २००९ साली अम्मा गेली. घर आवरताना ती वाटी सापडली.

माझे तीन दात गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की अम्मा वीस वर्षं गप्प का होती.

मग मी कल्याणला एका दंतवैद्यांकडे गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी मला तीन रस्ते सांगितले. पहिला, काढता-घालता येणारी अर्धी कवळी. ती सर्वांत स्वस्त. दुसरा ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधाराने मधे खोट्या दातांचा पूल टाकायचा. माझे शेजारचे दात त्या बाजारातल्या तारेने आधीच कमकुवत केलेले, ते पुलाचं ओझं पेलतील अशी खात्री नव्हती. आणि तिसरा इम्प्लांट, म्हणजे दंतरोपण. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत थांबायचं आणि मग त्यावर दात चढवायचा.

मी विचारलं, 'हाड धातूला धरतं?' त्या म्हणाल्या, 'धरतं. त्याचा शोध एका सशामुळे लागला.'

ही गोष्ट खरी आहे. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक होते. ते दातांचे डॉक्टर नव्हते. १९५२ च्या सुमारास हाडात रक्त कसं वाहतं याचा ते अभ्यास करत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची एक बारीक नळी बसवली होती, आतलं दुर्बिणीखाली पाहता यावं म्हणून. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाड तिच्याभोवती वाढून तिला चिकटलं होतं. एखाद्याने महागडी नळी गेली म्हणून कपाळावर हात मारला असता. यांनी विचार केला की हाड जर या धातूला परका मानत नसेल, तर याचा दात का करू नये? १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे चार स्क्रू बसवले. त्या माणसाचं नाव गॉस्टा लार्सन. त्याच्या जबड्यात जन्मतः व्यंग होतं, खाणं आणि बोलणं दोन्ही अवघड होतं. २००६ साली तो वारला तेव्हा, म्हणजे चाळीस वर्षांनंतरही, त्याचे ते दात कामात होते. तरी जगाने हे लगेच मानलं नाही. १९८२ साली कॅनडात टोरांटोला एक परिषद झाली, तिथे पुरावे मांडल्यावर इतर देशांतले तज्ज्ञ वळले.

टायटॅनियम परका वाटत नाही याचं कारण असं सांगतात की हवेचा स्पर्श होताच त्याच्यावर स्वतःच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. तो गंजत नाही, शरीराशी भांडत नाही, आणि हाडाच्या पेशी त्याच्यावर येऊन वस्ती करतात. या धातूचं नाव परदेशी असलं तरी त्याची माती आपल्याकडेही आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, नेवरे, मालगुंड या बाजूला वाळूत काळे चमकदार कण दिसतात. ते इल्मेनाइट. त्यात लोखंड आणि टायटॅनियम एकत्र असतं. मालगुंड म्हणजे केशवसुतांचं जन्मगाव. त्यांच्या घराजवळच्या पुळणीत कवींचे दात बसवायचा धातू पडलेला आहे, हे मला कळलं तेव्हा मी एकटाच हसलो.

आता प्रत्यक्ष काय झालं ते सांगतो, कारण माणसं दुसऱ्याला झालेला त्रास ऐकूनच आपला निर्णय घेतात.

मला वाटलं होतं पुढच्या आठवड्यात दात बसतील. डॉक्टरबाईंनी आधी रक्त तपासायला पाठवलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते ती तपासणी. साखर भरपूर निघाली. 'साखर आटोक्यात येईपर्यंत मी हात लावणार नाही,' त्या म्हणाल्या. 'आणि तंबाखू सुटेपर्यंतही नाही.' मला राग आला. पैसे मी देतोय, अटी या घालतायत! त्यांनी शांतपणे समजावलं की साखर वाढलेली असेल तर जखम नीट भरत नाही आणि हाड स्क्रूला धरत नाही. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा बिघडतो. ज्या कारणाने खरे दात गेले, त्याच कारणाने खोटेही जातील.

तंबाखू सोडायला मला सहा महिने लागले. खिशातली पुडी गेली तरी हात खिशात जायचा राहीना. बायकोने खिशात बडीशेप भरून ठेवली. साखर उतरली. मग जबड्याचा त्रिमिती स्कॅन काढला. त्यात दिसलं की दात गेलेल्या जागी हाड झिजून पातळ झालंय. दात आहे तोवर चावण्याचा दाब हाडाला मिळतो आणि हाड टिकतं. दात गेला की शरीर तिथलं हाड काढून घेऊ लागतं. शेतात कुणी राबेना झालं की बांध खचतो, तसंच. म्हणून दात काढल्यावर पुढचा निर्णय फार लांबवू नये.

हाड पातळ, म्हणून तिथे हाडाची भर घालायची ठरली. इथे मी एक प्रश्न विचारला. तो तुम्हीही जरूर विचारा. 'भर कशाची?' ही पावडर निरनिराळ्या प्रकारची असते. काही गायीबैलांच्या हाडापासून केलेली, काही डुकराच्या, काही माणसाच्या दान केलेल्या हाडापासून, आणि काही पूर्णपणे कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची. रुग्णाचं स्वतःचं थोडं हाड काढूनही भर घालता येते. डॉक्टरबाई म्हणाल्या, 'बरं झालं विचारलंत. बहुतेक लोक विचारत नाहीत.' मला जसा एक प्रकार चालणार नव्हता, तसा माझ्या वारकरी मित्राला दुसरा चालला नसता आणि आमच्या शहापूरच्या जैन दुकानदाराला दोन्ही चालले नसते. माझ्यासाठी कृत्रिम पावडर वापरली. आपण विचारलं तर डॉक्टर सांगतात. संकोच आपल्यालाच असतो.

शस्त्रक्रियेला भूल फक्त हिरडीपुरती. दुखलं नाही, पण आवाज सगळा ऐकू आला. हाडात भोक पाडताना सतत थंड सलाइनची धार सोडतात. हाड सत्तेचाळीस अंशांच्या वर मिनिटभर जरी तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि मग ते स्क्रूला धरत नाही. मी डोळे मिटून ती पाण्याची धार ऐकत होतो. धरणावर वाढलेल्या माणसाला पाण्याचा आवाज धीर देतो.

तीन दातांसाठी दोनच स्क्रू बसवले. मधला दात त्या दोघांच्या आधाराने येणार होता, त्यामुळे खर्चही थोडा कमी. मग वाट पाहणं. तीन ते सहा महिने हाडाला द्यावे लागतात. अडीच महिन्यांनी तपासणीत कळलं की दोनातला एक स्क्रू हलतोय. त्याला हाडाने धरलं नव्हतं. तो काढला. शंभरातले नव्वदाहून अधिक इम्प्लांट दहा वर्षं टिकतात असं अभ्यास सांगतात, ते खरंही आहे, पण उरलेल्यांत आपला नंबर लागला की टक्केवारीचा उपयोग नसतो. त्या रात्री मला वाटलं, पुरे झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, 'जखम भरू द्या, परत लावू.' परत लावला. दुसऱ्यांदा धरला. पहिल्या तपासणीपासून शेवटचा दात बसेपर्यंत दीड वर्षाच्या वर काळ गेला आणि ऐंशी हजारांच्या वर पैसा. मी शाळेत लिपिक आहे. पतपेढीचं कर्ज काढलं आणि दोन वर्षं फेडलं.

दात बसले त्या दिवशी कल्याणहून कसाऱ्याची गाडी पकडली. डब्यात गर्दी होती. शेजारच्याने विचारलं, 'कुठे उतरणार?' मी म्हटलं, 'आटगाव. तिथून तानसा.' त्याने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागला. त्याला कळलं होतं. पुन्हा 'कुठे?' असं त्याने विचारलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

आता खोटं कशाला सांगू, हे दात खऱ्यासारखे नाहीत. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक धाग्यांची एक गादी असते, तिच्यामुळे भातातला खडाही कळतो. इम्प्लांट थेट हाडात रुतलेला, त्याला ती गादी नाही. कडक चण्याचा दाब पडला तरी त्याला पटकन कळत नाही, म्हणून जपून चावावं लागतं. त्याला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजू शकते आणि हाड झिजू शकतं. म्हणून दोन वेळा ब्रश, फटीत बारीक ब्रश, आणि सहा महिन्यांनी तपासणी. एकदा बसवला आणि विसरलो, असा हा दात नाही.

गावात बरेच प्रश्न आले. आमच्या एका वृद्ध चाचांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, 'बेटा, मय्यतीच्या वेळी हे काढायला लागतील काय?' मी मौलवीसाहेबांना विचारून आलो. ते म्हणाले, 'जे हाडात रुजलंय ते काढायला माणसाला इजा करावी लागेल. राहू द्या.' चाचांना बरं वाटलं. मी हे एका हिंदू मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, 'आमच्यात तर प्रश्नच नाही, जळून जाईल.' तेही तसं नाही. टायटॅनियम वितळायला १६६८ अंश लागतात, लाकडाची चिता तेवढी तापत नाही. म्हणजे दफन असो की दहन, तो स्क्रू मागे राहणारच.

श्रोतेहो, आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. इम्प्लांट चांगला उपाय आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही आणि सगळ्यांना परवडणाराही नाही. जे करणार असतील त्यांनी चार गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. मधुमेह आहे का, तंबाखू किंवा विडी आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध किंवा इंजेक्शन घेतलंय का. यातली शेवटची गोष्ट लोक दाताच्या डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण तिचा दातांशी संबंध वाटत नाही. संबंध आहे. त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही. आणि 'एका दिवसात दात' अशी जाहिरात दिसली तर, तुमच्या हाडाला ते मानवेल का, हे आधी विचारा.

ज्यांचे सगळे दात गेलेत आणि खालची कवळी बसत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. सगळे दात इम्प्लांटवर बसवायची गरज नसते. खालच्या जबड्यात पुढे दोनच स्क्रू बसवायचे आणि कवळीला आतून बटणं लावायची. बटण दाबल्यासारखी कवळी जागेवर बसते आणि सरकत नाही. २००२ साली कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र बसून, खालच्या बोडक्या जबड्यासाठी हाच पहिला उपाय मानावा असं जाहीर केलं होतं. ते साल ऐकून मी हिशेब केला. तेव्हा अम्मा होती. तिची कवळी वाटीत होती. दोन स्क्रू. मला ठाऊक नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

आमच्या भागात दात काढून घेणं सोपं आहे, बसवून घेणं अवघड. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं. तेव्हापासून आमचं पाणी मोठ्या नळांतून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावरून मुंबईला जातं. उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, हे तुम्ही पेपरात वाचताच. दातांसाठीही आम्हाला त्या पाण्याच्याच मागे मुंबईची वाट धरावी लागते. मुंबईत पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं. सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, फेऱ्या जास्त होतात पण खर्च खासगीपेक्षा कमी. आणि २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र मिळतं हे लोकांना ठाऊक आहे, पण त्या यादीत कवळीही आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. शिबिर लागलं की विचारा. म्हाताऱ्या माणसाला दात मागायची लाज वाटते. ती लाज आपण मुलांनी मोडायची.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. दात बसल्यावर गावात एका कार्यक्रमात मी बऱ्याच दिवसांनी कविता वाचली. संपल्यावर जात्यावरच्या त्या ठाकर मावशी पुढे आल्या. आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत. तोंडावर पदर धरून म्हणाल्या, 'पोरा, माझं बी बसतील का रं?' एवढी वर्षं त्या आमच्या शेजारी राहतात, मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

मी त्यांना घेऊन गेलो. इम्प्लांटचा खर्च झेपणारा नव्हता, आणि डॉक्टर म्हणाल्या की हाड चांगलं आहे, साधी कवळी नीट मापाने केली तर चालेल. चार फेऱ्या झाल्या. पहिल्या महिन्यात टोचलं तेव्हा वाटीत ठेवू दिली नाही, परत नेऊन घासून आणली. आता त्या भाकरी चावून खातात. हसताना पदर अजून तोंडावर जातो, सवय आहे. परवा दारात बसल्या होत्या, नातीला काहीतरी शिकवत होत्या. मी जवळ गेलो तर ओवी होती. दुसरी ओळ आली की त्या थांबत होत्या. ती अम्मा उचलायची.